गुलबी डोळे मिटते

बसंतीबाईला भीती म्हणून कशाची वाटलीच असेल तर ती गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी, भर दुपारी, स्वतःच्या घरात. त्याआधी कधी नाही. वाघाची नाही, पोलीसपाटलाची नाही, आणि नवऱ्याची तर बिलकुलच नाही. बाभुळगावच्या अलीकडं तिचा तांडा आहे. तिथल्या पानठेल्यावर कोणालाही विचारा, बसंतीबाई कशी बाई आहे म्हणून. माणूस आधी इकडंतिकडं पाहील, ती जवळपास नाही ना याची खात्री करील आणि मग म्हणेल, "बाई कायची बावा, तोफ हाय तोफ."

तोफ ती काही हौसेनं झाली नव्हती. तिचा मुलगा भारत अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा लालसिंग ऐन पेरणीत बैलगाडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून खाटेवर बसला. आता पेरणीत आपल्याकडं बाई असतेच, पण तिफनीच्या, म्हणजे पेरायच्या औताच्या, मागं. ओटीत बी घ्यायचं आणि सरत्याच्या नळीतून सोडत चालायचं, हे बाईचं. तिफन धरायची ती पुरुषानं. असं कोणी ठरवलं ते विचारू नका, ठरलेलं होतं. तांड्यातले गडी सारे आपापल्या वावरात गुंतलेले. बसंतीबाईनं वाट पाहिली, शिव्या घातल्या, मग लेकराला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झोळीत टाकलं, ओढणी कमरेला खोचली आणि तिफन धरली.

तांड्याचा नायक धनसिंग धुऱ्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "बसंती, बाईनं तिफन धरली त पाऊस रुसते."

बैल न थांबवता ती म्हणाली, "तुमी त्याची समजूत काढा नायक, तोवर मी चार तासं काढून घेतो."

पाऊस त्या साली साऱ्या तांड्यावर सारखाच पडला. नायकाच्या वावरात जरा कमी पडला असं ती अजून सांगते, पण ते काही खरं नाही. (हे बोलणं सारं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत झालेलं. घरातही त्यांची गोरबोलीच चालते. तुमच्याआमच्या सोयीसाठी वऱ्हाडीत सांगतो.)

लालसिंग पुढं लंगडत बरीच वर्षं जगला, पण तिफन काही त्याच्या हाती परत गेली नाही. तो गेल्यावरही बाईचं काही अडलं नाही. मोटारीचा स्टार्टर तीच बसवायची, बाजारात गाडी तीच हाकायची. भारतचं लग्न झालं, संगीता सून म्हणून आली. संगीताला पहिली पायल झाली तेव्हा शेजारची म्हातारी रुपीबाई हळहळायला आली. "पहिलीच छोरी झाली व," म्हणाली. बसंतीबाईनं तिला चहा पाजला आणि म्हणाली, "हाव, छोरी झाली. माही तिफन धराले कोणी पाह्यजेच होतं." रुपीबाईला तो चहा गोड लागला नसावा.

आणि पायल होतीही तशीच. तीन वर्षांची असताना बैलाच्या पाठीवर बसून शेपटीकडं तोंड करून गाणी म्हणायची. वासराला कान धरून घरी आणायची. आजीच्या मागं मागं साऱ्या वावरात हुंदडायची आणि कोणी विचारलं की सांगायची, "मी दादी होनार हाय." पाठीवर भाऊ झाला, प्रेम, त्यालाही तीच कडेवर घेऊन नाचवायची. बसंतीबाईचा जीव दोघांवरही होता, पण पायलवर जरा काकणभर जास्तच.

टीव्ही आणला तोही बसंतीबाईनंच. कापूस वेचायला घरातली सारी माणसं वावरात. लेकरं धुऱ्यावर. एकदा प्रेमच्या झोळीखालून साप गेला, तेव्हा तिनं ठरवलं की आता बस झालं. शाळेला सुटी असली की पोरं घरी सावलीत राहतील, दाराला कडी घालतील आणि टीव्ही पाहतील. ना ऊन, ना इचूकाटा. बाभुळगावहून बैलगाडीत गादी अंथरून, त्यावर टीव्ही निजवून तिनं तो आणला. वाटेत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगत आली, "नातवाइसाठी हाय. बसल्या बसल्या चार अक्षरं शिकतीन."

पोरांना त्यात एक कार्टून सापडलं, वज्रूचं. वज्रू म्हणजे लाल चड्डीतला, मनगटात कडं घातलेला, गोल तोंडाचा पोरगा. तो डोंगर उचलतो, राक्षसाला लोळवतो, पुरातून गाव वाचवतो. बसंतीबाईनं ते कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या चित्रांच्या धावपळीनं तिचं डोकं दुखायचं. पोरं गप बसतात ना, झालं तर मग! कोणती माय एवढ्यावर खूश होणार नाही, सांगा.

बदल तिला दिसले नव्हते असं नाही. पायल गुलाबी फ्रॉकच घालीन म्हणून अडून बसायला लागली. बैलाची दोरी हातात दिली तर म्हणाली, "ते पोट्ट्याचं काम हाय." प्रेम खेळून आला की पाण्याचा गिलास घेऊन पुढं व्हायची, मान तिरपी करायची आणि हिंदीत म्हणायची, "थक गये वज्रू?" सारं घर हसायचं. संगीता तिचा मुका घ्यायची. बसंतीबाईही हसली होती. लेकरू आहे, आज हे करतं, उद्या दुसरं करील, असं तिला वाटलं.

आता त्या रविवारचं.

कापसाचा दुसरा वेचा चालू होता. पहिल्या वेच्याचा कापूस सपरीत, म्हणजे पुढच्या खोलीत भरलेला, थेट आढ्यापर्यंत. सगळ्यांच्याच घरी असतो. भाव वाढेल म्हणून माणसं अंगणात झोपतात आणि कापूस घरात. एका भिंतीला कापसाची गंजी, समोरच्या भिंतीला टीव्ही, मधल्या बोळीत पोरं. दोन दिवसांआधी संगीताच्या माहेरी गादीसाठी कापूस पाठवायचा होता. भारतनं वर चढायचा कंटाळा केला आणि खालूनच उपसून गाठोडं बांधलं. गंजीच्या पोटात एक भगदाड राहिलं. वरचा कापूस दाबून भरलेला असल्यामुळं तसाच अधांतरी तोलून होता. कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

दुपारी वावरात पाणी संपलं. पाण्याची दुसरी कॅन घरीच राहिली होती. संगीता निघाली होती, पण तिच्या ओटीत कापूस भरलेला, तो रिकामा करण्यात वेळ जाणार, म्हणून बसंतीबाई म्हणाली, "राह्य तू, मीच जाऊन येतो." त्या दिवशी हे शब्द तिच्या तोंडून निघाले नसते तर काय झालं असतं, हा विचार अजून कोणी पुरा करत नाही.

दार नुसतं लोटलेलं. आत टीव्ही मोठ्यानं चालू. सात वर्षांची पायल टीव्हीच्या बाजूला भिंतीशी उभी होती आणि तिनं दोन्ही तळहातांनी डोळे गच्च झाकले होते.

"काय व, लपाछपी चालू हाय काय?" बसंतीबाईनं विचारलं.

"नाही दादी." डोळे झाकलेलेच.

"प्रेम कुठं हाय?"

"अंदर हाय."

बसंतीबाईनं माठातून तांब्या भरला आणि घटाघटा पाणी प्याली. उन्हातून आली होती, तहान लागली होती. पण ते घटाघटा पिणं तिला पुढं असं टोचत राहिलं की बरेच दिवस ती पाणी प्यायला बसली तरी तांब्या न पिताच खाली ठेवायची.

"अंदर कुठं व?"

"कापसात. थो वज्रू हाय न. गुहेत गेला अन् गुहा पडली. मी डोळे मिटले हाय, आता थो येते."

बसंतीबाईनं गंजीकडं पाहिलं. भगदाड नव्हतं. जिथं भगदाड होतं तिथं वरचा सारा कापूस खाली बसला होता, पांढरा, गपगार. कडेला प्रेमची एक चप्पल पडली होती.

"कवाचा गेला व?"

"ते पह्यलं वालं संपलं न, तवाचा."

तांब्या हातातून कुठं गेला तिला कळलं नाही. कापूस मऊ असतो म्हणतात. मेला बैरी आहे तो! दोन्ही हातांनी एक कवळ ओढावी तर वरून दोन कवळा खाली येतात. ती कोपरापर्यंत हात खुपसून उपसत होती, गुडघ्यांनी मागं ढकलत होती, आणि तोंडानं काय बोलत होती ते तिचं तिलाच ठाऊक नाही. देवाला बोलावत होती, भारतला शिव्या देत होती, मेलेल्या लालसिंगला हाका मारत होती. नाकातोंडात रुई जात होती. शेवटी एक इवलं पाऊल हाताला लागलं. ते गरम होतं. तिनं ते धरलं आणि विहिरीतून बादली ओढावी तसं लेकरू ओढून काढलं.

ओठ निळे पडलेले. नाकपुड्यांत रुई, तोंडात रुई. तिनं बोट घालून तोंड साफ केलं, पोराला पालथं मांडीवर घेतलं आणि पाठीवर चापट्या मारल्या. काही नाही. आणखी मारल्या. "बोल रे बापा, बोल, शिव्या दे मले, पन बोल!" मग एक बारीक खोकला आला, आजारी मांजराच्या पिलासारखा. मग दुसरा. मग प्रेमनं जो टाहो फोडला तो ऐकून शेजारची रुपीबाई धावत दारात आली.

बसंतीबाईनं लेकराला छातीशी धरून वर पाहिलं. पायल अजून भिंतीशीच होती. एवढा आकांत झाला, आजी ओरडली, कापूस साऱ्या खोलीत उडाला, पण पोरीनं डोळ्यांवरचे हात काढले नव्हते. भावाचं रडणं ऐकून आता तिनं ते हळूच काढले. प्रेमकडं पाहिलं. आणि ती हसली. टाळ्या वाजवल्या.

"पाह्य दादी, आला न! मी डोळे मिटले त आला!"

बसंतीबाई भ्याली ती तेव्हा. कापूस उपसताना ती घाबरली नव्हती, घाबरायला वेळच नव्हता. पण त्या टाळ्या ऐकल्या आणि तिनं प्रेमला आणखीच घट्ट धरलं. ही माझीच पायल आहे ना, असं तिला वाटलं. वासराला कान धरून आणणारी?

वावरातून धावत आलेला भारत मोटारसायकलनं पोराला बाभुळगावला घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, वाफ दिली, थोडा वेळ ठेवून घरी पाठवलं. वाचलं, म्हणाले. ऊन उतरायच्या आत ते परत आले तेव्हा अंगणात अर्धा तांडा जमला होता. जो तो पायलकडं पाहत होता आणि पायल संगीताच्या मागं लपत होती.

"कवाडाबाहीर येऊन एक बोंब मारली असती त मी आली असती न व," रुपीबाई म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "जाऊ द्या. पोरीची जात, भेली असन. ते काय करन बिचारी?"

साऱ्यांनी माना डोलावल्या. हो, ती काय करणार. एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. बसंतीबाई एकेका तोंडाकडं पाहत राहिली. भेली? ती भेली नव्हती! भेली असती तर रडली असती, पळाली असती. ती तर खुशीत उभी होती, आपलं काम चोख करत.

भारत तावातावानं सपरीत गेला. "हा टीव्हीच फोडतो मी आता!"

"थांब," बसंतीबाई म्हणाली. "लाव थे वज्रूचं. मले पाहू दे."

"याडी, आता?" भारतनं विचारलं. आईला गोरबोलीत याडीच म्हणतात.

"लाव म्हनतो न!"

आणि ती टीव्हीसमोर मांडी घालून बसली. जन्मात पहिल्यांदा तिनं ते पूर्ण पाहिलं. वज्रू होता, त्याचे चार दोस्त होते, सारे पोट्टे. एक झाडावर चढायचा, एक यंत्रं बनवायचा, एक नुसता खायचा, पण त्यालाही काहीतरी काम होतं. आणि साऱ्यांत एक पोरगी, गुलबी. गुलाबी फ्रॉक, डोक्यावर फूल. ती डबा आणायची. वज्रू दमला की पाणी द्यायची. फुलपाखरामागं जायची आणि राक्षसाच्या हाती सापडायची. आणि मोठं संकट आलं, वज्रू दगडांखाली गाडला गेला, तशी ती बाजूला उभी राहिली. दोन्ही हातांनी डोळे झाकले. बाजा वाजला. दगड फोडून वज्रू बाहेर आला. गुलबीनं डोळे उघडले, हसली आणि टाळ्या वाजवल्या.

बसंतीबाई पुढं सरकून बसली. लगेच दुसरी गोष्ट लागली. राक्षस दुसरा, डोंगर दुसरा, पण गुलबी तशीच उभी, तसेच डोळे झाकून. रोज हेच? दोन वर्षं ही पोरगी रोज हे पाहत होती आणि मी म्हणत होते, चार अक्षरं शिकते!

"अव माय," ती एवढंच म्हणाली. राक्षसाचं तिला काही वाटलं नाही. पण त्या हसऱ्या, गोड, काही न करणाऱ्या पोरीकडं तिच्यानं पाहवेना. तिनं टीव्ही बंद केला आणि पायलला जवळ ओढून मांडीवर घेतलं.

"पायल, खरं सांग. तू त्याले ओढलं काहून नाही व? हात नाही तुले?"

"गुलबी नाही ओढत."

"गुलबी गेली चुलीत! तू काहून नाही ओढलं?"

पायल म्हणाली, "तूनंच त सांगतलं."

"मी? काय सांगतलं मी?"

"कापसावर पाय नको ठेवू म्हने. पोरीचा पाय नाही पडला पाह्यजे, लक्षुमी हाय म्हने."

संगीता सुपात काहीतरी निवडत होती, ती थांबली. भारत दारात होता, तो जमिनीकडं पाहू लागला.

आणि बसंतीबाईला आठवलं. दिवाळीत गंजी भरताना कापूस तुडवायला पोरं लागतात. तांड्यातले सारे पोट्टे उड्या मारत होते, प्रेमही मारत होता. पायल वर चढली तशी तिनंच तिला दंडाला धरून खाली ओढलं होतं. का? तिची सासू तसं म्हणायची, म्हणून. सासूच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं तिच्या तोंडून निघालं होतं, आणि ते कोणाचं, कशासाठी, याचा तिनं क्षणभरही विचार केला नव्हता. बाईनं तिफन धरली तर पाऊस रुसतो म्हणणाऱ्या धनसिंगाला तिनं उडवून लावलं होतं. आणि आता तिच्याच तोंडात धनसिंग बसला होता की! टीव्हीला काय दोष द्यायचा? टीव्हीनं पोरीचे डोळे मिटवले आणि पाय तिनं स्वतः बांधले.

त्या संध्याकाळी तोफ गप होती, आणि तांड्याला ते बोलण्याहून भारी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भारतनं सारा कापूस बाहेर काढला. अंगणात ताडपत्री अंथरून गुडघाभर उंचीचा पसरून टाकला. आता घरात एक बोंड ठेवायचं नाही, भाव गेला खड्ड्यात, असं तो म्हणत होता. संगीता ओट्यावर प्रेमला मांडीवर घेऊन बसली होती. पायल ताडपत्रीच्या कडेशी उभी होती, अंगठे अगदी काठाला लावून. त्याच्या पुढं एक बोट नाही.

बसंतीबाई हातातला चहा तसाच ठेवून उठली. कापसाच्या मधोमध गेली आणि उताणी पडली. दोन्ही हातांनी कापूस ओढून अंगावर घेतला, छातीवर, तोंडावर. डोळ्यांपुढं एवढीशी फट ठेवली.

"याडी, हे काय?" संगीता ओरडली.

"पायल!" आतून आवाज आला. "मी बुडली व. काढ मले."

पायल हसली आधी. मग आजी हलेना, तसं तिचं हसू मावळलं. फटीतून बसंतीबाईला तिचा चेहरा दिसत होता. पोरीनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग तिचे दोन्ही हात वर जाऊ लागले, डोळ्यांकडं. हात मध्येच थांबले.

"प्रेम," पायल रडक्या आवाजात म्हणाली, "ये न रे. दादीले काढ न."

काल मरता मरता वाचलेलं ते चार वर्षांचं पोर! त्यानं कापसाकडं पाहिलं आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

"पुरे आता, याडी," म्हणत भारत पुढं झाला.

"तू तिथंच राह्य!" बसंतीबाई आतून खेकसली. "एक पाऊल टाकलं त याद राख."

भारत जागीच थांबला. रुई नाकाशी येत होती, श्वास कोंडत होता, पण ती उठली नाही. हिनं काढल्याशिवाय उठायचंच नाही. उद्या मी नसेन, भारत नसेल, आणि हीच कुठं गाडली गेली तर? कोणाची वाट पाहील ही, डोळे मिटून?

पायल आता हमसून रडत होती. तिनं पाय उचलला. परत खाली ठेवला. परत उचलला, आणि कापसाच्या वर तसाच अधांतरी धरला.

"दादी," तिनं विचारलं, "पाय ठेवू काय?"

आजी बुडाली तरी ही पोरगी आधी विचारते, पाय ठेवू का! बसंतीबाईच्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं. तोंडावरचा कापूस फुंकून, चार वावरांपलीकडं ऐकू जाईल अशी ती ओरडली.

"ठेव! ठेव व माय, ठेव! कोनालेच नको इचारू, ठेव!"